फिजी, मॉरिशस आणि मागची खोली

रामनगर, वर्धा
११ जुलै १९५४

माणिकच्या बाबांना नमस्कार.

तुमचं लांबलचक पत्र परवा पोचलं. जेवणं झाल्यावर केशवभाऊजींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना ओसरीत बसवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचलं. धाकटा भाऊ परदेशात हिंदीचा मास्तर आहे हे चार घरांपलीकडं ऐकू जावं, असा त्यांचा आवाज असतो. मी तुमच्या वहिनींच्या, सुमित्राबाईंच्या, मागं बसून ऐकलं. नवऱ्याचं पत्र मोठ्या दिरांच्या तोंडून ऐकायची इतकी सवय झाली आहे की तुमचा खरा आवाज आठवायला आता वेळ लागतो.

पण हे काय पत्र म्हणायचं? डावीकडं फिजी, उजवीकडं मॉरिशस आणि मधून पट्टीनं ओढलेली रेघ! पोरांच्या वह्या तपासून तपासून माणूस बायकोलाही रकान्यांत लिहायला लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. हवा, पाणी, दूध, भाजीपाला, शाळा, शेजार, दवाखाना. फिजीत दूधदुभतं भरपूर, मॉरिशसात मराठी घरं. फिजीची शाळा ओळखीची आणि करार वाढवून द्यायला तयार, मॉरिशसची नवी पण मुंबईहून जवळ. आणि एवढं सगळं मांडून शेवटी काय, तर "दोन्ही बेटं राहायला चांगली आहेत, संसार कुठं मांडायचा ते तू ठरव." मी वर्ध्याच्या पलीकडं नागपूर पाहिलं आहे, तेही लग्नाच्या खरेदीला. आणि मी बेटं निवडू!

तरी विचारलंत म्हणून सांगते, मला फिजी बरं वाटतं. तिथल्या वाटा तुम्हाला पाठ आहेत, आणि माणिकला दूध लागतं. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता सहाची झाली. तुमचा फोटो दाखवला की "हे फिजी" म्हणते. तिला वाटतं तुमचं नावच ते. तेव्हा कुठलं का बेट असेना, पण या वर्षी आम्हाला न्या. तुरीची डाळ मिळते का ते कळवा. ज्वारीची आशा मी सोडली आहे.

इकडे सगळे ठीक. माणिक मजेत आहे. तिच्या डाव्या दंडावर एक फिकट डाग उठला आहे, जंतांचा असेल. सुमित्राबाईंनी वावडिंग द्यायला सांगितलं, ते देते आहे.

बोटीत चढवताना लहान मुलांचीही डॉक्टरी तपासणी करतात का हो? सहज विचारलं.

तुमची
अन्नपूर्णा


वर्धा
९ ऑगस्ट १९५४

माणिकच्या बाबांना,

उत्तर लवकर आलं, बरं वाटलं. मुंबईला बोटीत बसण्याआधी सगळ्यांची तपासणी होते, मुलांची तर अंगावरचे कपडे काढून होते, हे कळलं.

या पत्रात तुम्ही पुन्हा सविस्तर लिहिलेला दवाखान्याचा रकाना भाऊजींनी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलं आहे की वर्धा स्टेशनबाहेर रक्तपितीचे, महारोगाचे लोक हात पसरून बसतात तसं फिजीत कुठं दिसत नाही. सरकार अशा सगळ्यांना मकोगाई नावाच्या एका वेगळ्या बेटावर नेऊन ठेवतं, तिथं जोगिणी त्यांची शुश्रूषा करतात, आणि म्हणून गावं स्वच्छ. भाऊजींनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "याले म्हणतात राज्य! नाई तर आपल्या इथं पाहा, तिकिटाच्या खिडकीपाशी तेच, देवळापाशी तेच." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ते बेट किनाऱ्यापासून किती लांब आहे? रोज बोट जाते का? भेटायला जाऊ देतात का? लहान मूल असेल तर त्याची आई त्याच्याबरोबर राहू शकते का? आणि मॉरिशसात अशा लोकांना कुठं ठेवतात? भाऊजींना अशा गोष्टींची फार उत्सुकता, म्हणून विचारते.

आणखी एक. मी नीट विचार केला. मला फिजी नको, मॉरिशस ठरवा. गेल्या वर्षी तुमच्याकडं भूकंप होऊन समुद्र वर आला होता, ते मी विसरले नाही. मॉरिशसलाही वादळं होतात म्हणाल, ठाऊक आहे, तुमच्याच रकान्यात वाचलं. पण तिथं चार मराठी बायका भेटतील, मुंबईही जवळ. दुधाचं काय, पावडरचं दूध पिऊन पोरं वाढतातच की. गेल्या पत्रात फिजी म्हणाले होते आणि आता उलटं बोलते म्हणून हसू नका. मला भीती वाटते. समुद्राची म्हणा.

वावडिंगानं काही फरक नाही. पण माणिकची तब्येत उत्तम आहे. खाते, पिते, भांडते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मलाही पाहिजे म्हणून आत्तापासून हट्ट चालला आहे.

अन्नपूर्णा


अल्लीपूर
८ सप्टेंबर १९५४

माणिकच्या बाबांना नमस्कार.

महालक्ष्म्यांना माहेरी आले आहे. आईनं मुखवटे नवे रंगवून घेतले, सोळा भाज्या झाल्या, आणि नेहमीप्रमाणे कढी उतू गेली. परवा लक्ष्म्या उठल्या.

काल आईकडं गोंदणारीण आली होती. गल्लीतल्या बाया जमल्या. मी माणिकला पुढं केलं आणि तिच्या डाव्या दंडावर तुळस गोंदवून घेतली, कुंडीसकट, चांगली भरगच्च पानांची. तुम्हाला आवडणार नाही. शिकलेल्या घरात आता कोणी गोंदत नाही हे मलाही कळतं. पण आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले आहेत, नातीला एक तुळस असली तर काय बिघडलं? रागवायचं तर रागवा.

म्हातारी सुयांचा जुडगा टोचत होती आणि माणिक मला समोरच्या शेळीच्या पिल्लाची गोष्ट सांगत होती. पिल्लू कुठं लपतं, काय खातं, सगळं. म्हातारी म्हणाली, "लय धीराची लेक आहे बाई तुमची. मोठ्या मोठ्या बाया भोकाड पसरतात. हे पोट्टी हूं का चूं नाई करून राह्यली." बायांनी कौतुक केलं. आई म्हणाली, बापावर गेली. मग म्हातारी खूश झाली आणि मनगटावर एक ठिपका आपल्याकडून देते म्हणाली. तिथं पहिली सुई लागली मात्र, पोरीनं घर डोक्यावर घेतलं. दोघींनी धरली तरी आवरेना. सगळ्या हसायला लागल्या. "धीर सरला वाट्टे!"

मला हसू आलं नाही. मी तिला उचलून परसात नेलं आणि ती गप्प होईपर्यंत तिथंच उभी राहिले.

आज एवढंच. आई हाक मारते आहे असं लिहून पत्र संपवणार होते. पण ती मारत नाही.

अन्नपूर्णा


वर्धा
३ ऑक्टोबर १९५४

माणिकच्या बाबांना,

गोंदण्यावरून तुम्ही जे लिहिलंत ते भाऊजींनी सगळ्यांसमोर वाचलं. "अडाणीपणा" हा शब्द त्यांनी जरा थांबून वाचला. सुमित्राबाई पदराआड हसल्या. चालायचंच.

मॉरिशस पक्कं केलंत, डिसेंबरात फिजी सोडणार, आणि आम्ही जानेवारीत मुंबईला यायचं, तिथं तपासणी, मग बोट, हे सगळं कळलं. सगळं घर आनंदात आहे. भाऊजींनी होल्डॉल आणला. जाऊबाई पापड लाटायला बसल्या आहेत, तिकडं कुठले मिळणार म्हणून.

पण मी विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर तुमच्या पत्रात नव्हतं. मॉरिशसात त्या लोकांना कुठं ठेवतात? फिजीसारखं वेगळं बेट आहे का? तुम्ही नुसतं लिहिलंत की "ते मी अजून विचारलं नाही, आणि तुझ्या डोक्यात हे काय घुसलं आहे?" माझ्या डोक्यात काय घुसायचं? नव्या देशात राहायचं तर माणूस चौकशी करतो. तुम्हीच नाही का हवापाणी लिहून काढलंत?

इथली एक बातमी. भाऊजींच्या कचेरीतला रामाजी शिपाई तुम्हाला आठवत असेल, तुमच्या ट्रंका स्टेशनवर त्यानंच पोचवल्या होत्या. त्याच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या म्हणून कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यानं भरलेल्या माठातलं पाणी कोणी प्यालं नाही. माठ फोडला. आता त्याच्या बायकोला मोहल्ल्यातल्या विहिरीवर येऊ देत नाहीत. भाऊजी हे जेवता जेवता सांगत होते आणि माणिक त्यांच्या ताटाशेजारी बसून डाव्या हातानं लोणच्याची बरणी ओढत होती. माझ्या हातातला भात खाली सांडला. सुमित्राबाई म्हणाल्या, "काऊन वो, लक्ष कुठं आहे तुमचं?" मी म्हटलं, हात भाजला.

माणिकला लांब बाह्यांचे झगे शिवले आहेत, मनगटापर्यंत. ऑक्टोबरचा उन्हाळा आहे आणि पोर घामानं निथळते. जाऊबाई चिडवतात की अन्नपूर्णा आत्तापासूनच मडमीण बनवून राह्यली लेकीले. चिडवू देत.

मॉरिशसचं विचारा. विसरू नका.

अन्नपूर्णा


वर्धा
२२ नोव्हेंबर १९५४

हे पत्र शाळेत उघडू नका. घरी जा, दार लावा, मग वाचा.

माणिकच्या दंडावरचा डाग जंतांचा नाही. त्या जागी तिला शिवलेलं कळत नाही. टोचलेलं कळत नाही. मला वाटतं ती रक्तपिती आहे. लिहिला शेवटी तो शब्द.

तुळस मी हौसेनं गोंदवली नाही. तुम्ही लिहिलंत ना, मुलांचे कपडे काढून तपासतात? मला वाटलं, डागावर हिरवी पानं पडली की मुंबईच्या डॉक्टरला डाग दिसणार नाही. तुम्ही मला अडाणी म्हणालात, पण मी अडाणीपणानं नाही केलं, पूर्ण शहाणपणानं केलं. आणि झालं काय, तर जे मला नक्की ठाऊक नव्हतं ते त्या सुयांनी सांगितलं. मनगटावर एका टोचणीला आकांत करणारी पोर दंडावर एवढी टोचणी होईपर्यंत गोष्ट सांगत बसते, तो धीर नव्हता. आता डाग पानांच्या बाहेर आला आहे. लांब बाह्या त्यासाठीच.

दसऱ्यापासून आम्ही दोघी एक खेळ खेळतो. दुपारी सगळे लवंडले की ती डोळे मिटून माझ्यासमोर बसते. मी कापसाच्या पेळूचं टोक तिला हळूच कुठंतरी लावते आणि तिनं सांगायचं, कुठं. नाक म्हणते. ढोपर म्हणते. पायाचा अंगठा म्हणते. एकदाही चुकत नाही. दंडाला लावते तेव्हा नुसती वाट बघत बसते. "शिव ना आई. अजून शिवलीच नाई तू." आणि मी पेळू तिथंच धरून बसलेली असते. रोज वाटतं, आज कळेल. रोज खेळते.

परवा तिनं डोळे मिटले आणि लगेच म्हणाली, "दंड." माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. मी म्हटलं, काय गं? "दंडाले शिवली ना तू? कळलं मले." डोळे घट्ट मिटलेले, आणि असं हसत होती जसं मला काही बक्षीसच देते आहे. तिला रोग ठाऊक नाही, त्याचं नाव ठाऊक नाही. तिला एवढंच कळलं आहे की त्या जागी नाही म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. म्हणून हो म्हणाली. लपवायला शिकली पोर, आणि तिला दुसऱ्या कोणी नाही शिकवलं.

त्यानंतर मी खेळ बंद केला आणि तुम्हाला लिहायचं ठरवलं. तरी दोन दिवस गेले.

माझ्या मनातलं सगळं सांगते. तुमच्या रकान्यांत मकोगाई फिजीच्या चांगल्या बाजूला होतं, दुधाच्या आणि शाळेच्या पंगतीत. भाऊजी वाचत होते आणि मला दिसत होतं, माणिक बोटीत बसली आहे, हातात लाकडी बैल आहे आणि मी धक्क्यावर उभी आहे. म्हणून मी मॉरिशस म्हटलं. तिथलं मला काही ठाऊक नव्हतं. जिथलं वाईट ठाऊक नाही ते बेट बरं वाटलं, इतकंच माझं ठरवणं होतं. समुद्राची भीती वगैरे काही नव्हती.

मी अजून डॉक्टरकडं गेले नाही. रोगापेक्षा मला डॉक्टरच्या सहीची भीती वाटते. एकदा कागदावर आलं की आमच्यासाठी फिजी संपलं, मॉरिशस संपलं, आणि या घरात काय होईल ते रामाजीच्या माठावरून कळलंच आहे. माझ्या हातून झालं का, माझ्या अंगात आहे का, हेही कळत नाही. न्हाताना मी स्वतःला टोचून बघते.

उत्तर तुम्ही लिहाल ते भाऊजी ओसरीत वाचतील, म्हणून जपून लिहा. आम्ही तुम्हाला नको असू, तर "मी एकटाच मॉरिशसला पुढं जातो" एवढंच लिहा. लोकांना ते सरळ वाटेल. मला कळेल. मी बोल लावणार नाही. नाही, खोटं कशाला लिहू? लावीन.

अन्नपूर्णा

ता.क. हे पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकते आहे. पोस्टातला बाबू भाऊजींच्या ओळखीचा आहे.


वर्धा
३० डिसेंबर १९५४

माणिकच्या बाबांना,

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन आला की माझे पाय जागेवर राहत नाहीत. तुम्ही फिजीत आहात की मॉरिशसच्या बोटीत, हेही ठाऊक नाही. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकते.

मी वाट बघितली आणि मग माझी मीच गेले. दत्तपूरच्या रस्त्यानं, महारोग्यांच्या आश्रमात. ते नाव इथं लोक कसं हळू घेतात ते तुम्हाला सांगायला नको. टांगा केला नाही, टांगेवाला कुठं म्हणून विचारतो. माणिकला सांगितलं, बोरं वेचायला जाऊ. तिनं वाटेत खरंच ओटीभर वेचली.

आश्रमाच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर आहेत, खादी घालतात, फार बोलत नाहीत. त्यांनीही कापूसच काढला. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले. ती मिटायच्या आधी दर वेळी माझ्याकडं बघे. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बाहेर लिंबाखाली बसले. तिथं बोटं झडलेला एक म्हातारा झाडांना पाणी घालत होता. त्यानं मला राम राम केला. मी केला नाही. मग उठून केला.

तोच रोग आहे. पण डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत, हा पसरणारा प्रकार नाही, आता गोळ्या निघाल्या आहेत. बरीच वर्षं घ्याव्या लागतील, खंड पडू द्यायचा नाही. मी विचारलं, इथं ठेवायचं का तिला? ते म्हणाले, "कशाला? घरी न्या. सगळ्यांबरोबर जेवू द्या, खेळू द्या. औषधापुरतं घेऊन या." हे मी दोनदा वदवून घेतलं. तुळस पाहून मात्र कपाळाला हात लावला. डागाची कडच झाकून टाकली, वाढतो की घटतो ते आता कसं पाहू, म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मलाही तपासलं, मी निरोगी आहे. बोटीचं विचारलं तर म्हणाले, "ते विसरा. कोणी सही करणार नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही." शेवटी म्हणाले, घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून न्या.

ते सगळ्यात कठीण. सुमित्राबाई तिळगुळासाठी तीळ निवडत होत्या, तिथं बसून मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "मले काऊन नाई सांगितलं? इतके दिवस आमचे लेकरं तिच्यासंगं एका ताटात जेवून राह्यले!" मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. "डॉक्टरचं काय जाते सांगाले? त्याचे लेकरं आहेत का इथं?" मग रडायला लागल्या. त्यांची माया खोटी नाही हो. माणिकला न्हाऊ घालायच्या त्या. रडता रडता त्यांनी तिची वाटी उचलली आणि बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले की शेजारच्या बोर्डिंगातली मुलं घरात येतात-जातात, लोक काय म्हणतील, तुम्ही मागच्या खोलीत राहा, चूल वेगळी करा. तपासून घ्यायला कोणी गेलं नाही. कुणाला तिथं जाताना दिसायचं नाही.

तेव्हा आम्ही आता मागच्या खोलीत आहोत, सरपणाच्या. मध्ये अंगणात दोरी बांधली आहे, कपडे वाळत घालायची म्हणून. पण पोरांना ठाऊक आहे दोरी कशाची ती. ती पलीकडं उभी राहतात, माणिक अलीकडं, आणि तिथूनच विटीदांडूची भांडणं चालतात. तुमच्या मकोगाईला निदान जोगिणी तरी आहेत.

तुम्ही काहीतरी लिहा. वाईट असलं तरी लिहा. ही वाट बघणं मला सहन होत नाही.

अन्नपूर्णा


वर्धा
६ मार्च १९५५

माणिकच्या बाबांना,

पत्र मिळालं. भाऊजींनी या वेळी ओसरीत कोणाला बसवलं नाही. पाकीट न फोडता दोरीपलीकडून आमच्या ओट्यावर ठेवलं आणि गेले. तुम्ही परदेशी गेल्यापासून तुमचं पत्र मी पहिल्यांदा माझ्या हातानं फोडलं. आत काय आहे ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, तरी फोडायला धीर होईना. दुपार सगळी ते माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

तीन पत्रं लिहून फाडलीत. मी समजू शकते. पहिल्यात "एकटाच पुढं जातो" असंही लिहिलं होतंत, तेही सांगून टाकलंत. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासली. आधी फार राग आला. मग वाटलं, मी नाही का तुळस गोंदवली? भीतीनं माणूस काय काय करतो. तुम्ही ते पत्र पेटीत टाकलं नाही, हे मी धरून ठेवते.

सुव्हाच्या डॉक्टरांना तुम्ही दुसऱ्याच कोणाची मुलगी म्हणून विचारलंत, आणि ते म्हणाले, सहा वर्षांची असली तरी कायद्यानं मकोगाईच, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. बोटीच्या चार पायऱ्या चढून आम्ही तिथं आलो असतो, हौसेनं.

फिजीचा करार सोडलात, मॉरिशसला नकार कळवलात, आणि आता सिडनीवरून मुंबईला निघणार. लोक तुम्हाला वेडा म्हणतील. भाऊजी आत्ताच म्हणतात. इथं कोणती शाळा तुम्हाला घेईल ते मला ठाऊक नाही. माणिकचं कळलं तर घेतील का, तेही ठाऊक नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. रामाजीची बायको अजूनही लांबच्या विहिरीवर जाते. मला रोज भीती वाटते, तुम्ही स्टेशनवर उतराल, अंगणापर्यंत याल आणि दोरीपाशी थांबाल. असं मनात आणू नये, पण येतं.

तुमच्या शेवटच्या पानावर पुन्हा पट्टीनं रेघा मारल्या आहेत. या वेळी रकाने तीन. फिजी, मॉरिशस, वर्धा. वर्ध्याच्या रकान्यात हवा वाईट, उन्हाळा वाईट, पाणी बेताचं, दूध बेताचं, शेजाराच्या पुढं काहीच लिहिलेलं नाही. दवाखान्याच्या पुढं लिहिलंय, "संध्याकाळी मूल घरी येतं." ते वाचून मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. माणिक घाबरली. तिला सांगितलं, बाबा येताहेत.

आणि त्याखाली तुम्ही तिच्यासाठी जो निरोप लिहिला आहे तो मी काल तिला वाचून दाखवला. "माणिक, आईबरोबर खेळ खेळशील तेव्हा नाही कळलं तर नाही म्हणायचं. बाबा रागावणार नाहीत. आईही नाही."

तिनं तो मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "खेळू." तीन महिने आम्ही खेळलो नव्हतो. मी पेळू काढला, ती समोर बसली, डोळे मिटले. नाक म्हणाली. ढोपर म्हणाली. मग मी तुळशीच्या पानांवर लावला. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, तरी मी तो सांभाळून ठेवला होता. ती बराच वेळ बसली. तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता दंड म्हणेल.

"नाई कळलं, आई," ती म्हणाली.

पेळू अजून तिच्या दंडावरच होता. मी तिला शाबास म्हटलं.

लवकर या.

अन्नपूर्णा